साठहजारी मनसबदार

मोगल दरबारात पंचहजारी म्हणजे मोठं प्रस्थ. १६६५ सालच्या पुरंदरच्या तहात संभाजीराजांच्या नावे पंचहजारी मनसब ठरली, त्याच तहात तेवीस किल्ले हातचे गेले, हे आपण सगळ्यांनी चौथीच्या इतिहासात घोकलेलं आहे. आज आमच्या नागपुरात साठहजारी व्हायला एकसुद्धा किल्ला द्यावा लागत नाही. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जायचं, "ती डी-थ्रीची साठ हजारवाली द्या" म्हणायचं आणि तर्री-पोह्यांच्या दोन-तीन प्लेटींच्या पैशांत मनसब खिशात घालून घरी यायचं. घोडे बाळगायचे नाहीत, दक्षिणेच्या स्वारीवर जायचं नाही. दुधात पुडी सोडायची, चमच्याने ढवळायची आणि ग्लास एका दमात रिकामा करायचा.

साठ हजार हा आकडा मात्र दोन्हीकडून फसवतो. हे साठ हजार असतात युनिट, आणि व्हिटॅमिन डीची चाळीस युनिट म्हणजे एक मायक्रोग्रॅम. हिशेब करा. साठ हजार युनिटचं वजन भरतं दीड मिलिग्रॅम. साखरेच्या दोन-तीन दाण्यांएवढ्या ऐवजाला एवढं दणदणीत नाव फक्त राजकारणात मिळतं अशी माझी समजूत होती. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर हसू मावळतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली मोठ्या माणसाची रोजची गरज धरली आहे सहाशे युनिट. म्हणजे ती एक पुडी हा शंभर दिवसांचा शिधा झाला. डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय रोज चार हजारांच्या वर जाऊ नये, असंही तज्ज्ञ सांगतात. म्हणून ज्याच्या अंगात डी खरंच कमी आहे त्याला डॉक्टर ही पुडी आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे देतात आणि मग हात आखडता घेतात. चिठ्ठीवर हे सगळं लिहिलेलं असतं. पण चिठ्ठी मेडिकलवाल्याने वाचायची असते, आपण नाही.

आमच्या बगीच्यातल्या कट्ट्यावर पूर्वी शुगर आणि बीपीचे आकडे चालत. त्यांची पत आता घसरली. ते काय, कुणालाही असतात. सध्या भाव आहे व्हिटॅमिन डीला, आणि इथे ज्याचा आकडा लहान तो माणूस मोठा.

"माझं अकरा निघालं."

"अकरा म्हणजे खूप झालं! मला तर डॉक्टर म्हणाला, काका, तुम्ही चालून कसे राहिले? साडेसहा!"

साडेसहावाल्याला बाकावर सरकून जागा करून दिली जाते. ज्याचं बत्तीस आलं तो बिचारा खाली वाकून बुटाची नाडी पुन्हा बांधत बसतो. फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये अठ्ठावन्न गोष्टी मोजल्या जातात, त्यातल्या सत्तावन्न ठीक असतात, आणि माणूस रिपोर्ट घेऊन हिंडतो तो अठ्ठावन्नाव्यासाठी. विसाच्या खाली आकडा असला की तो जाड टाइपात छापतात. त्याच रिपोर्टवर बारीक अक्षरात आणखी एक ओळ असते, दीडशेच्या वर गेल्यास विषबाधा संभवते अशी. ती ओळ वाचलेला माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही. आपल्याला 'कमी' समजतं. पगार कमी, पाऊस कमी, हिमोग्लोबिन कमी. 'जास्त'ची तक्रार घेऊन कोण कुठे गेलाय?

नागपुरासारख्या गावात डी कमी पडावं, हे कुणाला खरं वाटत नाही. जिथे नवतप्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, तिथे ऊन पुडीतून विकत घ्यायचं! पण आपण त्या उन्हाला भेटतो कधी? बाया डोक्यापासून हनुवटीपर्यंत दुपट्टा गुंडाळून, हातमोजे चढवून स्कूटीवर निघतात. नुसते डोळे दिसतात, तेही गॉगलमागे. बाप्ये कूलरसमोरून हलत नाहीत. सकाळी सहाला कट्ट्यावर कोवळं ऊन अंगावर घेणाऱ्यांनाही फारसं श्रेय देता येत नाही, कारण डी बनवणारे अतिनील किरण त्या उन्हात जवळपास नसतातच. ते असतात दहा ते तीनच्या उन्हात, आणि खिडकीच्या काचेतून ते आत येत नाहीत. मे महिन्यात भरदुपारी उघड्या अंगाने गच्चीवर उभे राहा, असं सांगणाऱ्या डॉक्टरचा दवाखाना धंतोलीत आठवडाभर टिकणार नाही. तेव्हा कमतरता खरी आहे आणि पुडीही खरी उपयोगाची आहे, माझं तिच्याशी वैर नाही.

फरक एवढाच, की सूर्य भला गृहस्थ आहे. कातडीत डी बनवण्याचं काम तो एका मर्यादेपर्यंत चालू देतो आणि मग जास्तीचा कच्चा माल स्वतःच मोडीत काढतो. म्हणून उन्हात औत धरून जन्म काढलेल्या शेतकऱ्याला उष्माघात होईल, पण डीचं अजीर्ण होणार नाही. पुडीला ही अक्कल नाही. तिला जितक्या वेळा दुधात सोडाल तितक्या वेळा ती इमानेइतबारे पोटात जाते. (जाता जाता: हे डी-थ्री बहुतेक मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून बनवतात. कट्ट्यावर एका कडक शाकाहारी काकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "लोकरच ना? मग चालते.")

क जीवनसत्त्वाची तऱ्हा वेगळी. आम्ही संत्र्यांच्या गावचे. हिवाळ्यात इथे गल्लोगल्ली ठेल्यांवर संत्र्यांचे ढीग लागतात. त्याच गल्लीत, ठेल्यामागच्या दुकानात, संत्र्याच्या चवीची, संत्र्याच्या रंगाची, चघळायची पाचशे मिलिग्रॅमची गोळी खपते. एका मध्यम संत्र्यात पन्नास ते सत्तर मिलिग्रॅम क असतं आणि दिवसाचं काम साधारण तेवढ्यावर भागतं. पण संत्रं सोलावं लागतं, बिया थुंकाव्या लागतात, आणि त्याला एमआरपी नसते, म्हणून त्यावर कुणाचा विश्वास नाही. या वेडाला मोठ्या माणसाचा आशीर्वादही मिळालेला आहे. लायनस पॉलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक रसायनशास्त्राचं आणि एक शांततेचं अशी दोन नोबेल पटकावली आणि १९७० साली पुस्तक लिहून सर्दीवर भरमसाट क घ्या असं जगाला सांगितलं. पुढे पुष्कळ अभ्यास झाले. साध्या माणसाची सर्दी गोळ्यांनी टळत नाही, फार तर थोडी लवकर आटोपते, इतकंच हाती आलं. सर्दीला नोबेलचं कौतुक नसावं. जास्तीचं क बरंचसं लघवीवाटे निघून जातं. अगदीच ग्रॅमच्या हिशेबात खाल्लं तर पोट बिघडतं आणि काहींच्या मूत्रपिंडात खडे धरतात.

ब आणि क ही पाण्यात विरघळणारी मंडळी, दिवाळीला येऊन भाऊबीज झाली की गाडी पकडणारी. अ, ड, ई आणि के हे चरबीत विरघळणारे पाहुणे. ते गादी उलगडतात, आपली खुंटी ठरवून घेतात आणि महिनोन्‌महिने हलत नाहीत.

अशा पाहुण्यांनी हात दाखवल्याच्या कथा व्हिटॅमिन हे नाव जन्माला येण्याच्या कितीतरी आधीच्या आहेत. ते नाव पडलं १९१२ साली. पण १५९७ मध्ये, नोव्हाया झेम्ल्याच्या बर्फात अडकलेल्या डच खलाशांनी पांढऱ्या अस्वलाचं काळीज खाल्लं आणि काही जणांची कातडी डोक्यापासून पायापर्यंत सोलून निघाली. त्या काळजात अ जीवनसत्त्व ठासून भरलेलं असतं. १९१३ च्या जानेवारीत अंटार्क्टिकावर झेवियर मर्ट्झ हा स्विस गडी वारला, तोही गाडीचे कुत्रे काळजासकट खावे लागल्यामुळे, असा अनेकांचा कयास आहे. या दोघांकडे निदान सबब होती, समोर दुसरं खायला नव्हतं. १९३६ साली अमेरिकेत श्लिट्झ कंपनीने व्हिटॅमिन डी घातलेली बिअर काढली तेव्हा ती सबबही उरली नव्हती. झिंग येवो न येवो, हाडं मजबूत! विलायतेत १९५० च्या सुमाराला बाळांच्या दुधाच्या भुकटीत डी घातलेलं, शिवाय खिमटीत घातलेलं, वरून कॉड लिव्हर ऑइलचा चमचा. काही बाळांच्या रक्तात कॅल्शियम इतकं चढलं की सरकारला हात आवरता घ्यावा लागला. आणखी एक तपशील सांगतो आणि हा अध्याय मिटवतो. १९८० च्या दशकापासून काही देशांत हेच डी-थ्री उंदीर मारायच्या औषधात वापरतात. डोस प्रचंड असतो, पण रेणू तोच. उंदराचं रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि तो आटोपतो. उंदीर डोस कट्ट्यावर विचारून घेत नाही, ही त्यातली जमेची बाजू.

आता आमचे मोठे भाऊजी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, हिशेबाला चोख. त्यांचं डी आलं नऊ. डॉक्टरांनी साठ हजारची गोळी लिहून दिली, दर रविवारी एक, आठ रविवार. इथपर्यंत सगळं शास्त्राला धरून होतं. घोळ केला डबीने. पुण्याच्या लेकीने प्रेमाने एक प्लास्टिकची डबी पाठवली, सात खणांची, प्रत्येक खणावर वाराचं नाव. रविवारच्या खणात गोळी पडली. सोमवार ते शनिवार सहा खण ओस! आयुष्यभर निधी खर्ची पडला नाही म्हणून वरिष्ठांची बोलणी खाल्लेल्या माणसाला रिकामे खण कसे बघवणार?

त्यात कट्ट्यावर एकाने सांगितलं, "मी तर रोज घेऊन राहिलो. गुडघे एकदम फिट." तो घेत होता हजाराची साधी गोळी, पण शून्यं मोजण्याइतका वेळ कुणाकडे असतो? भाऊजींनी मग त्रैराशिक मांडलं. आठवड्याला एक या दराने आठ आठवड्यांत फरक, तर रोज एक या दराने आठ दिवसांत फरक. डबी भरली. आठ दिवसांत फरक पडला नाही, म्हणून काम पुढे चालू राहिलं; खात्याचीही तीच रीत होती.

मी एकदा हटकलंही. "भाऊजी, रोज घ्यायची असते का ही?"

"काही होत नाही रे. व्हिटॅमिन आहे ते, औषध थोडीच आहे!"

उन्हाळा लागला. भाऊजींना तहान लागू लागली. नागपुरात एप्रिलमध्ये तहान लागली म्हणून कुणी डॉक्टरकडे जात नाही, माठाकडे जातं. माठ दोनदा भरू लागला. जेवढं पाणी आत जाई तेवढंच बाहेर येई. रात्री चार-चार वेळा उठणं सुरू झालं. पाटबंधारे खात्यातल्या माणसाला आवक-जावकीचा हा मेळ वावगा वाटला नाही. भूक मेली, ती उन्हाने. पोट साफ होईना, मग इसबगोल. ओकारी आल्यासारखं वाटे, त्यासाठी कैरीचं पन्हं. अंगात त्राण उरलं नाही, हाडं दुखू लागली. यावर भाऊजींचं निदान तयार होतं. डी कमी झालं असणार! जादा डीची लक्षणं कमी डीच्या लक्षणांशी इतकी मिळतीजुळती असतात, की घेणारा माणूस खड्डा बुजवतोय असं समजून खणत राहतो. त्यांनी दुधात प्रोटीन पावडर वाढवली. त्या डब्यावरही डी होतंच.

मग ऐन नवतप्यात, पंचेचाळीस अंशांच्या दुपारी, भाऊजींनी गिझर लावला आणि बाथरूमबाहेर टॉवेल घेऊन पाणी तापायची वाट पाहत बसले. ताईने विचारलं, तर म्हणाले, "आज थंडी आहे." ताईने तिथूनच मला फोन लावला.

धंतोलीतल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "काका, औषधं कोणती चालू आहेत?"

"एकही नाही," भाऊजी ताठ बसून म्हणाले. "मी औषधाच्या विरोधात आहे."

ताईने काही न बोलता कापडी पिशवी टेबलावर पालथी केली.

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी पेनच्या टोकाने एकेक पाकीट ओढून रांगा लावल्या. पहिल्या रांगेत साठ हजारी. दुसरीत कॅल्शियमच्या गोळ्या, त्यात डी. मल्टिव्हिटॅमिन, त्यात अ आणि डी. कॉड लिव्हर ऑइलच्या सोनेरी कॅप्सूल, त्यातही अ आणि डी. प्रोटीनचा डबा. "घरी दूध आणि तेल कोणतं? पिशवीवर एफची खूण आहे का?" ताई म्हणाली, आहे. बाईंनी मान हलवली. तिथेही थोडं अ आणि डी. मग हातापायांना मुंग्या येतात म्हणून शेजाऱ्यांनी दिलेली नसांची गोळी. तिच्यात बी-सिक्स शंभर मिलिग्रॅम, गरज दिवसाला दोनेक मिलिग्रॅमची. "ही किती दिवस घेताय?" बाईंनी विचारलं. "मुंग्या जाईपर्यंत," भाऊजी म्हणाले. बी-सिक्स फार दिवस फार घेतलं तर त्यानेच नसा बिघडतात आणि मुंग्या येतात, हे ऐकून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू गोळी मी बनवली होती. शेवटी राहिल्या केसांसाठीच्या बायोटिनच्या कॅप्सूल. त्या लेक सुट्टीत विसरून गेली होती. वाया कशाला घालवायच्या, म्हणून भाऊजींनी त्याही सुरू केल्या होत्या, डोक्यावर केस नसताना. बाईंनी त्या वेगळ्या काढल्या, कारण बायोटिन पोटात असलं की थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या काही तपासण्यांचे आकडे खोटे येऊ शकतात. आजार नसताना रिपोर्टमध्ये दिसायचा, आणि असताना लपायचा.

रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी आला. कॅल्शियम साडेदहाच्या आत हवं, ते तेराच्या पुढे. मूत्रपिंडं कुरकुरायला लागलेली. आणि डीच्या समोर आकडाच नव्हता. "१५० पेक्षा अधिक" एवढं लिहून यंत्राने हात टेकले होते.

बाईंनी नीट समजावलं. जेवणातलं कॅल्शियम रक्तात ओढून आणणं हे डीचं काम. ते अति झालं की रक्तात कॅल्शियमचा पूर येतो आणि मग ते नको तिथे, मूत्रपिंडात, रक्तवाहिन्यांत, थर धरतं. पूर म्हटल्यावर भाऊजींना एकदम समजलं. आता दवाखान्यात राहून सलाईन, कॅल्शियम उतरवायची औषधं, काही दिवस दूध-दही बेताने, आणि ऊनसुद्धा टाळायचं.

"किती दिवसांत उतरेल?"

"कॅल्शियम काही दिवसांत येईल खाली. डी चरबीत मुरलंय काका, त्याला काही महिने लागतील."

"रोज सलाईन घेतलं तर?" भाऊजींनी विचारलं. त्रैराशिक सुटत नव्हतं.

बाईंनी त्यांचं नाव भरतीच्या कागदावर लिहायला घेतलं. तोवर ताई टेबलावरची पाकिटं एकेक करून परत पिशवीत भरत होती. साठ हजारीचं एक अख्खं पाकीट हातात धरून तिने चष्मा कपाळावर चढवला, मागची तारीख वाचली.

"डॉक्टर, यांची एक्सपायरी पुढच्या वर्षीची आहे. फेकवत नाही हो. मी संपवल्या तर चालतील?"

बाईंनी लिहिणं थांबवलं, खणातून दुसरा कोरा कागद काढला आणि ताईचं वय विचारलं.